पडणाऱ्या हेलिकॉप्टरांची बारा वर्षं

खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर दोन टोकांना वजनं असलेली एक दांडी असते. मला ती शोभेची वाटली. घरी कापलेली पाती बसवताना मी ती काढून टाकली. हेलिकॉप्टर उठलं, कललं, तिकडेच सरकलं, मग उलट झुललं, पुढचा झोका आणखी मोठा, आणि थेट कपाटावर आदळलं.

दांडी कशासाठी होती हे शोधताना आर्थर यंग भेटला. प्रिन्स्टनमध्ये गणित शिकलेल्या या अमेरिकन तरुणाला खरं तर तत्त्वज्ञान मांडायचं होतं. त्याआधी एखादी अवघड वस्तू हाताने करून पाहावी म्हणून १९२८च्या सुमारास त्याने हेलिकॉप्टर निवडलं. (विद्यापीठं हा अभ्यासक्रम का ठेवत नाहीत?)

पात्यांच्या टोकांना छोटे पंखे लावून रोटर फिरवायचा, ही कल्पना त्याच्या मनात भरली आणि तिच्यापायी बरीच वर्षं गेली. शेवटी मोठी प्रतिकृती चाचणीतच मोडली. पुढचा त्याचा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या पाओली गावी, शेतावरच्या जुन्या कोठारात, तो पुन्हा छोट्या प्रतिकृतींकडे वळला. दहा वर्षांनी परत खेळण्यांकडे! पण छोटं खेळणं पडलं तर लगेच दुरुस्त होतं, आणि पुन्हा पाडता येतं.

उचलण्याची ताकद ही अडचण नव्हतीच. यंत्र कललं की त्या बाजूला सरकतं. सरकताना समोरची हवा रोटरला उलट कलवते. यंत्र परत येतं, पण जास्त जोराने. माझ्या कपाटाची गोष्ट हीच.

यंगने पात्यांना काटकोनात वजनदार दांडी बसवली. फिरणारी दांडी भोवऱ्यासारखी आपली पातळी सोडत नाही. खालचं धूड कललं तरी ती तशीच फिरते, आणि तिला जोडलेल्या कड्या पात्यांचा कोन बदलून रोटरलाही त्याच पातळीत धरून ठेवतात.

१९४१ साली त्याने ही प्रतिकृती बफेलोच्या बेल कंपनीत उडवून दाखवली. तिच्यातून पुढे आलेल्या बेल-४७ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळाला. हेलिकॉप्टरला मिळालेला तो अमेरिकेतला पहिला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात एक बेल-४७ आहे. यंग मात्र यथावकाश तत्त्वज्ञानाकडे परतला.

आता सेन्सर आले, नव्या मॉडेलांना दांडी लागत नाही. माझ्याला लागते. तिच्या एका टोकाचं वजन कपाटामागे हरवलंय; तिथे सोल्डरचा थेंब लावून तोल साधतोय.