वहीत न दिसणारी गुडविल



आपल्या उमरोळीच्या एका बाजूला पालघर, दुसऱ्या बाजूला बोईसर. 1969 मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला एमआयडीसी वाढली. कारखाना म्हटला की पाने, बेअरिंग, ड्रिल बिट लागणारच. त्यावर हार्डवेअरची दुकाने चालली आणि आपल्यातली कितीतरी घरेही.

अशी दुकाने मोठ्या साखळीने विकत घेतली तर काय होते? कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या शेतकऱ्यांनी 1931 साली एकत्र खरेदीसाठी ‘ऑर्चर्ड सप्लाय’ काढली. पुढे तिची हार्डवेअरची बरीच दुकाने झाली. 2013 मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि ‘लोज’ या बलाढ्य कंपनीने त्यातली बहुतेक दुकाने घेतली. पाचच वर्षांत, 2018 साली, सगळी बंद केली.

कॉमर्सला आम्ही शिकलो होतो: स्वतः कमावलेली गुडविल वहीत मांडत नाहीत, विकत घेतली तरच तिची नोंद होते. पण कोणत्या नळाला कोणता वायसर बसतो, कोणाची उधारी पगाराला फिटते, हे विकत घेणाऱ्याला आकड्यात मिळत नाही.

अचौर्य अणुव्रतात खोटे माप-तोल हा अतिचार मानला आहे. चार स्क्रू हवे असतील तर चारच मोजून देणारा दुकानदार हे व्रत पाळतो, शिवाय आपल्या घरातला परिग्रहही वाढू देत नाही. साखळीत मात्र अनेकदा अख्खे पाकीट घ्यावे लागते.

म्हणून घरात दुकान विकायची बोलणी निघाली, तर किमतीआधी एवढे विचारा: गल्ल्यावरचे हे ज्ञान मुलांपैकी कोणी शिकून घेतले आहे का?