पसंतीक्रमाने मतदान: स्कॉटलंडमध्ये कौन्सिलचा निकाल कसा लागतो?

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या एका गटातून एकच सदस्य निवडून येतो. समजा एकाला ४० टक्के, दुसऱ्याला ३५ आणि तिसऱ्याला २५ टक्के मतं पडली. गुलाल ४० टक्केवाल्याचा. बाकी ६० टक्के मतदारांच्या हाती काहीच लागत नाही. स्कॉटलंडमध्येही २००३ पर्यंत कौन्सिलची निवडणूक अशीच व्हायची. २००७ पासून तिथे पसंतीक्रमाची पद्धत आली.

पद्धत का बदलली?

ग्लासगो हे तिथलं सर्वात मोठं शहर. २००३ मध्ये लेबर पक्षाला तिथे निम्म्यापेक्षा कमी मतं मिळाली, पण ७९ पैकी ७१ जागा त्यांच्याच आल्या. म्हणजे विरोधक नावापुरते. त्याच वर्षी देशभरात ६१ जागा बिनविरोध गेल्या. तिथल्या लोकांना मत द्यायची वेळच आली नाही. तेव्हा लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट्स यांचं आघाडी सरकार होतं. मित्रपक्षाच्या आग्रहामुळे २००४ मध्ये नवा कायदा झाला.

मत कसं देतात?

२००७ ला प्रत्येक प्रभागातून ३ किंवा ४ सदस्य ठरवले गेले. मतदाराला मत मात्र एकच. आवडत्या उमेदवारासमोर १, त्यानंतरच्या पसंतीला २, मग ३ असे आकडे लिहायचे. सगळ्यांना आकडे देण्याची सक्ती नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांनाही आकडे देता येतात.

मोजणी कशी होते?

आधी कोटा काढतात. प्रभागात ३ जागा आणि ४,००० वैध मतं असतील, तर ४,००० ला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे ४ ने भागायचं आणि १ मिळवायचा. कोटा आला १,००१.

• ज्याला कोट्याएवढी पहिली पसंती मिळाली, तो निवडून आला.
• एखाद्याला १,२५१ मतं पडली, तर २५० जादा झाली. ती वाया जात नाहीत. त्याच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीकडे जातात, पण प्रत्येकीची किंमत सुमारे एक पंचमांश धरतात.
• कोणीच कोटा गाठत नसेल, तर सर्वात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला मिळतात.

जागा भरेपर्यंत अशाच फेऱ्या चालतात. अपूर्णांकाचा हिशेब किचकट असल्याने मोजणी मशिनवर होते.

निकालात काय फरक पडला?

२००७ मध्ये ग्लासगोत लेबरच्या जागा ७१ वरून ४५ वर आल्या. स्कॉटिश नॅशनल पार्टीला २२, ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट्सना प्रत्येकी ५ जागा मिळाल्या. बिनविरोध जागा एकही नव्हती. २०२२ मध्ये तर ८५ पैकी नॅशनल पार्टीला ३७, लेबरला ३६, ग्रीनला १० आणि कॉन्झर्व्हेटिव्हला २ अशी विभागणी झाली. कोणालाच बहुमत नाही.

तोटे काय?

बहुमत क्वचितच मिळतं, त्यामुळे निकालानंतर जुळवाजुळव करावी लागते. पक्षांनाही हिशेब चुकवून चालत नाही: प्रभागात जास्त उमेदवार दिले तर मतं फुटतात, कमी दिले तर हक्काची जागा जाते. शिवाय मतपत्रिकेवर आडनावांच्या क्रमाने नावं असतात. एकाच पक्षाचे दोघं असले, तर वर नाव असलेल्याला बहुधा जास्त पहिली पसंती मिळते.

आपल्याकडे ही पद्धत कुठे आहे?

महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असतो, म्हणून ती हीच पद्धत असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तिथे प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतात आणि प्रत्येक जागेवर सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो. एकाच पॅनलने चारही जागा नेल्या असं होतं, ते त्यामुळेच.

पसंतीक्रम आपल्याकडे विधान परिषदेला आहे: शिक्षक, पदवीधर आणि स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात. तुमचं नाव पदवीधर यादीत असेल तर एवढं लक्षात ठेवा. मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच आकडा लिहायचा. टिक किंवा फुली करायची नाही. आणि १ न लिहिता थेट २ लिहिलं, तर मत बाद होतं.