बेचाळीसचा चातुर्मास आणि आमचं स्वयंपाकघर



आमच्या आष्टीच्या घरात स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आधी जुना कागद निघतो, नवा लागतो. कोणत्या दिवशी दळण, कोणाचं एकाशन, कोणाचा उपवास, हिरवी भाजी कधी बंद, सगळं त्यावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरीही असा कागद असेल, नाहीतर मोबाइलमध्ये असेल.

परवा माझी लेक तो कागद वाचत उभी होती. म्हणाली, "आई, हे टाइमटेबल पहिल्यांदा कोणी केलं गं?"

मी म्हटलं, सांगते, पण मग बेचाळीस सालापर्यंत जावं लागेल. तिला सांगितलं तेच आज इथे लिहिते.

नियम म्हणजे काय

आधी थोडं शास्त्राचं. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्याकडे घराघरात वाचला जातो. त्यात भोगोपभोग परिमाण व्रत सांगताना ते त्यागाचे दोन प्रकार करतात. जन्मभरासाठी सोडलं तो यम, ठरावीक काळासाठी सोडलं तो नियम. मग काळही सांगतात: आजच्यापुरता, एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, दोन महिन्यांचा ऋतू, सहा महिन्यांचं अयन. आणि कशाचा नियम घ्यावा याची यादी देताना जेवणाबरोबर वाहन, अंथरूण, स्नान, फुलं, विडा, कपडे, दागिने, गाणंबजावणंही सांगतात.

म्हणजे आपला तो कागद काही आजकालचा नाही. किती काळ, काय आणि किती, हे आधी ठरवून ठेवायची पद्धत शेकडो वर्षांची आहे. मुळा, ओलं आलं, लोणी का टाळायचं हेही त्याच ग्रंथात आहे: फळ थोडं आणि जीवांचा घात फार.

चातुर्मासाचं कारणही तेच. पावसात जमिनीवर, पाण्यात, धान्यात सगळीकडे जीव वाढतात. म्हणून साधू विहार थांबवून एका गावी राहतात. गृहस्थाला घर सोडून बसता येत नाही, तो घरातच आवरून राहतो. उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात दिवस चालणारं पीठ पावसाळ्यात तीन दिवसांवर येतं. गाळलेलं पाणी एका मुहूर्तापुरतं, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेलं पाणी २४ तास. आपल्या आज्या घड्याळ न बघता हा हिशोब ठेवत.

माझा पहिला कागद

मी लग्न होऊन आष्टीत आले तेव्हा आजेसासूबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. सगळे त्यांना मोठी आई म्हणत. मी शिकलेली, उत्साही. दुसऱ्याच वर्षी चातुर्मासाचा सुरेख तक्ता केला. रंगीत पेनांनी रेघा आखल्या. दशलक्षणाच्या दहाही दिवशी सगळ्यांना एकाशन, असं माझं मीच लिहून टाकलं.

सासूबाईंना मधुमेह होता. मला ते माहीत होतं. पण त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. नव्या सुनेनं एवढं मन लावून केलंय, म्हणून त्यांनी निमूट एकाशन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी देवघरासमोर त्यांना भोवळ आली. साखर खाली गेली होती. डॉक्टरांनी वेळेत सावरलं, पण माझे हातपाय थरथरत होते.

संध्याकाळी मोठ्या आईनं तो तक्ता चष्मा लावून नीट वाचला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या एवढंच म्हणाल्या, "तारखा आहेत, पिठाचे वार आहेत. यात माणसं कुठं आहेत?"

मग त्यांनी मला बेचाळीसची नागपंचमी सांगितली.

नागपंचमी, १९४२

आपल्या आष्टीला लोक आष्टी शहीद म्हणतात ते कशामुळे, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींना आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडलं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी आपला हा मुलूख आधीच पेटलेला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, माणसं तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेली. गोळीबार झाला. गावची माणसं हुतात्मा झाली, चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटलं. मग बंदोबस्त आला, धरपकड सुरू झाली. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या आणि देशभरातून मागणी झाल्यावर त्या जन्मठेपेत बदलल्या गेल्या.

हा झाला पुस्तकातला इतिहास. त्या रात्री घरांच्या आत काय चाललं होतं, ते मोठ्या आईच्या तोंडून ऐकलं.

तेव्हा त्या विशीतल्या. अंगावर पाजतं मूल. युद्धाचे दिवस. मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ आणि रॉकेल येणं बंद झालं. बाकीच्या घरांत कंदिलाच्या तेलाची काटकसर करावी लागे. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून चूल विझायची, त्यामुळे रॉकेलवाचून फारसं अडलं नाही, असं त्या हसून सांगायच्या. दोन दिवसांवर मोक्षसप्तमी होती, पार्श्वनाथ भगवंतांच्या निर्वाणाचा दिवस. त्यासाठी धान्य निवडून ठेवलं होतं.

अंधार पडल्यावर मागच्या दाराशी तीन पोरं आली. दोन ओळखीच्या घरातली, एक अनोळखी. सकाळपासून पोटात काही नाही आणि रात्रीच नदीच्या बाजूला निघायचं होतं.

आमच्या घरात रात्री कोणी खात नाही आणि चूल पेटत नाही. शिवाय त्या दिवशी ठाण्यावर माणसं मेलेली. या पोरांचा त्यात हात होता की नव्हता, कोणाला ठाऊक? घरातली पुरुषमंडळी गप्प बसली. मोठ्या आईच्या सासूबाई ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "चूल पेटवलीस का?"

"नाही."

"मग काय देशील?"

शेजारणीनं सकाळी नागपंचमीच्या लाह्या आणि फुटाणे आणून दिले होते. घरात गूळ होता. संध्याकाळी उकळून ठेवलेलं पाणी होतं. मोठ्या आईनं लाह्या, फुटाणे, गूळ एका फडक्यात बांधून दिलं, तांब्याभर पाणी पाजलं. पोरं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी घरात वाद झाला. आजेसासऱ्यांचं म्हणणं, रात्री अन्न दिलं, तेही हिंसा करून आलेल्यांना असेल तर दोष कोणाला? मोठी आई म्हणाल्या, "त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. भुकेले होते एवढं दिसलं." मोक्षसप्तमीला त्यांनी एकट्यानं उपवास धरला. अंगावर पाजतं मूल असताना घरच्यांनी नको म्हटलं, तरी धरला. आणि दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर त्यांनी मनात आणखी काही जणींची मागितली: त्या दिवशी ज्यांचे नवरे गेले त्या बायकांची. गावातल्याही आणि त्या पोलिसांच्याही.

"बरोबर केलं की चूक, मला आजही ठाऊक नाही," असं त्या मला म्हणाल्या. मी तेव्हा गप्प बसले. आजही माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यांनी स्वतःचा नियम मोडला नाही आणि त्या नियमाच्या आड लपल्याही नाहीत, एवढं मला दिसतं.

कडू तुंबीची राणी

सुगंधदशमीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. राणीला मुनिराजांना आहार द्यायचा होता. पण वसंतातली सहल मोडली म्हणून ती रागावलेली. त्या रागात तिनं मुनींना कडू तुंबी वाढली. पुढे दुर्गंधी देहाचा जन्म आला आणि सुगंधदशमीच्या व्रतानं तो दोष फिटला.

ही कथा मराठीत लिहिणारे जिनसागर अठराव्या शतकातले, कारंज्याच्या भट्टारक परंपरेतले. आपल्या शेजारचं घाडग्यांचं कारंजा नव्हे, लाडांचं कारंजा. डॉ. हीरालाल जैन यांनी अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतली ही कथा एकत्र संपादित केली. हेच हीरालालजी अमरावतीच्या कॉलेजात संस्कृत शिकवत आणि तिथूनच १९३९ साली त्यांनी षट्खंडागमाचा पहिला भाग छापून बाहेर आणला. आपण वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. एवढं मोठं काम आपल्या उंबऱ्याशी झालंय, याची आपल्याला आठवण राहत नाही.

राणीनं वेळ पाळली होती, पात्रही उत्तम होतं. चुकलं ते मन. मोठ्या आईची वेळ चुकीची होती, पात्र कसं ते माहीत नव्हतं. मन मात्र चुकलं नव्हतं. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला आवडतं.

रक्षाबंधनाच्या शेवयांचंही तसंच. विष्णुकुमार मुनींनी सातशे मुनींचा उपसर्ग दूर केला, पण धुरानं त्यांचे गळे पोळले होते. म्हणून श्रावकांनी मऊ, सहज गिळता येईल असा आहार दिला. आजही आपण त्या दिवशी शेवयांची खीर करतो. समोरच्याचा घसा बघून केलेला तो बेत होता.

आपला जिल्हा आणि अन्नाचे नियम

लेकीला मी हेही सांगितलं, की अन्नाचा नियम घेणारे आपल्या जिल्ह्यात आपणच नव्हतो. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभात व्रत घेतलं होतं: दिवसभरात पाचच वस्तू खायच्या आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. आपल्याकडे द्रव्यांची मर्यादा करतात, तसंच हे. चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं, ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटलं. पवनारला विनोबांनी शेवटी अन्न आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, महावीर निर्वाणाच्या दिवशी देह ठेवला. आपल्या सर्व पंथांना मान्य असा समणसुत्तं ग्रंथ तयार झाला तोही त्यांच्याच आग्रहानं.

या प्रत्येकानं नियम लावला तो स्वतःला. मी माझ्या पहिल्या तक्त्यात तो दुसऱ्यांना लावला होता.

आता आमचा कागद असा असतो

डाव्या बाजूला तारखा नसतात, नावं असतात. प्रत्येकानं आपला नियम आपल्या हातानं लिहायचा. सासूबाईंनी त्यानंतर एकाशन केलं नाही. त्यांनी लिहिलं: "गोड बंद, रात्री पाण्याशिवाय काही नाही, वेळेवर गोळी." त्यांचा तो चातुर्मास कोणापेक्षा कमी नव्हता. लेकीनं यंदा लिहिलंय: अष्टमी-चतुर्दशीला मोबाइलवर गाणी नाहीत. मला हसू आलं, पण समंतभद्रांच्या यादीत गाणं आहेच की.

पिठाच्या डब्यावर दळणाचा वार लिहितो. तीन दिवसांपुरतंच दळतो, उरलं तर गाईला. धान्याचे डबे चतुर्दशीच्या आत निवडून, पुसून भरतो. डाळीला एरंडेलाचा हात उन्हाळ्यातच लावलेला असतो.

संध्याकाळचं जेवण ही खरी अडचण. आपल्याकडे ऑगस्टच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, दशलक्षण संपेपर्यंत साडेसहाच्याही आत. म्हणून दुपारीच वरण शिजवून ठेवायचं, भाकरी पाच वाजता. कामावरून उशिरा येणाऱ्याला दुसरा डबा सकाळीच भरून द्यायचा.

हिरवी बंद असली की बेत सोपा: मुगवड्यांची भाजी, पातोडी, गोळाभात, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. मुगवड्या चैत्र-वैशाखात वाळवून ठेवलेल्या असल्या तर दहा दिवस भाजीची चिंता नाही.

आणि कागदाच्या तळाशी एक ओळ आम्ही रिकामी ठेवतो. तिथे नाव नसतं. लाह्या, फुटाणे आणि गूळ यांचा एक डबा चारही महिने भरलेला असतो, तो त्या ओळीसाठी. वेळीअवेळी दाराशी कोणी भुकेलं आलं, तर चूल न पेटवता हातावर काही ठेवता यावं. मोठी आई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. डबा पितळेचा होता, आता स्टीलचा आहे.

तुमच्या घरी चातुर्मासाची अशी एखादी जुनी गोष्ट असेल, तर या वर्षी सासूबाईंना, आईला, आजीला बसवून विचारून घ्या. त्या आपणहून सांगत नाहीत.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.