अजिंठ्याचीं लेणीं व त्यांचे प्रेक्षक

अजिंठ्याच्या लेण्यांसंबंधीं आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक शिल्प, चित्रें आणि शिलालेख यांविषयीं आहे. तीं लेणीं पाहण्यास जे लोक गेले त्यांच्या जाण्यानें लेण्यांचें काय झालें, हा विषय अर्थशास्त्राचा अथवा पर्यावरणाचा समजून आम्हां इतिहासाभ्यासकांनीं तो बाजूस ठेविला. वस्तुतः तो साधनांच्या जतनाचा, म्हणजे आमच्याच घरचा, प्रश्न आहे.

दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर वासिष्ठीपुत्र कटहादि या दात्याचा ब्राह्मी लेख आहे. लेण्याचें मुख करवून दिल्याबद्दल कोरलेलें तें नांव. त्याच लेण्यांत आंतील एका खांबावर, रंगविलेल्या आकृतीच्या अंगावरच, २८ व्या घोडदळांतील जॉन स्मिथ नामक इंग्रज अधिकाऱ्यानें २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपलें नांव ओरखडून ठेविलें आहे. वाघाच्या शिकारीच्या निमित्तानें तो वाघोरेच्या दरींत आला होता. त्या काळीं लेण्यांत माती व दगडगोटे यांचा मोठा थर सांचलेला होता. त्यावर उभे राहून त्यानें अक्षरें काढिलीं. आतां जमीन मोकळी झाली असल्यामुळें तीं वाचण्यास मान वर करावी लागते. एका लेण्यांत दोन नांवें. पहिलें देणाऱ्याचें आणि दुसरें केवळ येऊन गेलेल्याचें. या दुसऱ्यासच पुस्तकांतून ‘शोधक’ म्हणतात. आसपासच्या वस्तीस हीं लेणीं ठाऊक होतीं, तेव्हां हा शब्द आम्हांस रुचत नाहीं. पण तो आतां रूढ झाला आहे, त्यास इलाज नाहीं.

येथें एक शब्दविचार सांगावासा वाटतो. परि उपसर्गपूर्वक अट् धातूपासून ‘पर्यटन’ शब्द साधतो. त्याचा अर्थ सर्वत्र हिंडणें, एवढाच. तीर्थास जाणाऱ्याचें नांव उपाध्यायाच्या वहींत लिहिलें जाई, आणि तीच वही आज वंशावळींसाठीं आमच्या उपयोगीं पडते. नव्या पर्यटकापाशीं अशी वही नाहीं. त्यानें भिंतच वही केली.

परंतु नांवें कोरणाऱ्यांनीं जेवढी हानि केली तिच्याहून अधिक हानि चित्रांवर प्रेम करणाऱ्यांकडून झाली, हें आम्हांस येथें मुख्यतः सांगावयाचें आहे. फर्ग्युसननें १८४३ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें निबंध वाचून या चित्रांच्या दुर्दशेकडे लक्ष वेधिलें. त्यावरून कंपनी सरकारनें मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल यास १८४४ मध्यें नकला करण्यास पाठविलें. त्यानें सुमारें वीस वर्षें तेथें घालविलीं. आणि त्या श्रमाचा बहुतेक भाग १८६६ मध्यें सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाला. पुढें १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या शिष्यांकरवीं पुन्हां नकला करविल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. उरलेल्यांच्या आधारें १८९६-९७ मध्यें त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

या उद्योगांत चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून भिंतींवर वार्निश चढविण्यांत आलें. निजाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत सेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून सुटलेला गिलावा पक्का करून घेतला, तो उपकार खराच. पण त्यांनीं दिलेला लाखेचा थर काळवंडून पिवळा पडला. तो काढण्याचें काम पुरातत्त्व खात्यास दीर्घकाळ पुरलें. जुन्या पोथीवर अक्षरें उठून दिसावींत म्हणून तेल फिरविणारे गृहस्थ आमच्या वाचकांस माहीत असतीलच! तोच हा प्रकार. आज कित्येक ठिकाणीं भिंत बोडकी आहे आणि ग्रिफिथ्सच्या नकलेंत तेवढी आकृति उरली आहे, म्हणजे मूळ प्रत नष्ट होऊन उतारा शिल्लक राहिला.

१९८३ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत लेण्यांचा समावेश झाल्यानंतर लोकांचा ओघ वाढला. बंद दालनांत माणसांच्या श्वासानें दमटपणा व कर्बवायु वाढतो, पायांबरोबर धूळ येते. आणि गवत, भाताचीं तुसें व चिखल यांचा गिलावा ओलाव्यानें सैल होतो. म्हणून एका वेळीं एका लेण्यांत ४० हून अधिक माणसें सोडूं नयेत असा नियम झाला व दिव्यांचा प्रकारही बदलला. जपानच्या कर्जानें, पहिला करार १९९२ मध्यें व दुसरा २००३ मध्यें होऊन, रस्ते, पाणी, वृक्षारोपण, औरंगाबादचा विमानतळ अशीं कामें निघालीं. गाड्या लेण्यांपासून सुमारें ४ किलोमीटरांवर, फर्दापूरच्या तिठ्यावर, थांबवूं लागले. लेण्यांच्या पायथ्याचे दुकानदारही तेथेंच हलविले गेले. रंगीत स्फटिक व गारगोट्या विकणाऱ्यांस वाटेवरचें गिऱ्हाईक तुटल्याचें दुःख झालें असल्यास त्यांस दोष देतां येत नाहीं. लेणापूर, फर्दापूर, अजिंठा या गांवांच्या पदरीं या साऱ्या वाहतुकींतून काय पडतें, त्याचा हिशोब प्रेक्षकांच्या संख्येइतक्याच काळजीनें ठेवावयास हवा.

प्रेक्षकांसाठीं १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृति फर्दापूरजवळ उभारून २०१३ मध्यें केंद्र उघडण्यांत आलें. मूळ सोडून नकलेपुढें उभें राहण्यास लोक नाखूष असतात, हें आम्हीही जाणतों. मूळ प्रत हातीं घेतल्यावांचून आमचेंही समाधान होत नाहीं. तथापि आपल्या संग्रहांतील जीर्ण पोथी आपण आल्यागेल्याच्या हातीं देत नाहीं, छायाप्रतीवर भागवितों. तोच न्याय येथें लागू करण्यास हरकत ती कोणती?

एक लहान सूचना मात्र मंडळापुढें ठेवितों. स्मिथच्या नांवाखेरीज लेण्यांवर जीं ओरखडलेलीं नांवें व तारखा असतील, त्यांची लेणेंवार यादी, ठसे न घेतां केवळ छायाचित्रांवरून, तयार व्हावी. ठसे घेण्यानें भिंतीस पुन्हां हात लागेल. प्रत्येक नांव कोणत्या चित्रावर व जमिनीपासून किती उंचीवर आहे हें नोंदविलें गेल्यास माती कधीं उपसली गेली, आणि कोणता भाग कोणत्या वर्षापर्यंत शाबूत होता, हें कांहीं अंशीं ठरवितां येईल.