डॉक्टरांची गांठ पडेपर्यंत



ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत देवळाचा व येथें राबलेल्या फादर-सिस्टरांचा वृत्तान्त इतर लेखक देतीलच. आम्ही एका निराळ्या इतिहासाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. घरांत कोणी एकाएकीं आजारी पडलें, पोळलें, किंवा कोणास पान लागलें, तर डॉक्टरांची गांठ पडेपर्यंत जवळच्या माणसांनीं काय करावें, हें ज्ञान दवाखान्याच्या भिंतींबाहेर पडून साध्या माणसांच्या हातीं कसें आलें, त्याचा हा इतिहास आहे.

आमच्या जिल्ह्यास त्याची गरज किती, हें सांगावयास नको. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून नंदुरबार वेगळा झाला. तापीकांठची काळी जमीन, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व सीमेवर नर्मदा, अशी त्याची ठेवण. नंदुरबार, शहादा येथें राहणारास दवाखाना जवळ आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरी पाड्यांचें तसें नाहीं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली खरी, पण ती सडकेपर्यंतच येते. सडक नसलेल्या पाड्यावरून रोग्यास बांबूला बांधलेल्या झोळींत घालून माणसेंच खांद्यावरून आणतात, आणि सरदार सरोवराच्या पाण्यानें वेढलेल्या नर्मदाकांठीं होडीखेरीज गति नाहीं. ह्या वाटेंत जो वेळ जातो, तो घरच्यांचा व शेजाऱ्यांचा आहे.

युरोपांतही हा वेळ पुष्कळ काळ वायां जात असे. २४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींत सोल्फेरिनो येथें मोठी लढाई झाली व हजारों जखमी जवळच्या कास्तिल्योने गांवीं आले. तेथील मोठ्या देवळाचा दवाखाना झाला. गांवच्या बायकांनीं शत्रुमित्र न पाहतां पाणी पाजलें, जखमा धुतल्या व बांधल्या. त्यांच्याबरोबर राबणारा आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी होता, डॉक्टर नव्हे. त्याच्या पुस्तकामुळें १८६३ सालीं रेडक्रॉसचा पाया पडला. भारतांत ती संस्था १९२० सालीं कायद्यानें स्थापन झाली. पुढें एस्मार्ख नांवाच्या जर्मन शल्यवैद्यानें १८८२ सालीं कील येथें सामान्य लोकांस प्रथमोपचार शिकविणारी शाळा काढिली व तिला शुभवर्तमानांतील शोमरोनी मनुष्याचें नांव दिलें. मोडलेला हात गळ्यांत अडकविण्याची तिकोनी पट्टी लोकांत रूढ केली ती त्यानेंच. धोतराचा वा लुगड्याचा स्वच्छ चौकोनी तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला कीं ती तयार होते.

परंतु आमच्या मतें ह्या इतिहासांतील सर्वांत मोठें पान आपल्याच देशांत लिहिलें गेलें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले व बनगांव येथें पटकीनें माणसें पटापट मरूं लागलीं. शिरेंतून द्यावयाच्या सलाइनचा सांठा संपत आला. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांच्या पुड्या करविल्या, तें मिश्रण पाण्यांत कालवून पिंपांत भरिलें आणि रोग्यांच्या आयाबहिणींस पेल्यापेल्यानें पाजावयास सांगितलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ४ च्याही खालीं आलें. ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. आंतड्यांत साखर मिठास आपल्याबरोबर आंत नेते व त्यांच्यापाठोपाठ पाणी शोषलें जातें. पटकींतही ही वाट बंद होत नाहीं. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रानें १९७८ सालीं ह्या शोधास शतकांतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा शोध म्हटलें.

आणि तरीही, जुलाब होत असतां पोरास पाणी देऊं नये, हा जुना समज आमच्या कानीं अजून येतो! तो सोडलाच पाहिजे. पुडी आरोग्यकेंद्रांत व आशाताईंजवळ मिळते. सांगितलेल्या मापाच्याच पाण्यांत, म्हणजे बहुधा एक लिटरमध्यें, ती पुरी ओतावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. आंसवांहून खारट लागलें तर तें टाकून पुन्हा करावें. आईचें दूध बंद करूं नये. मूल पिईनासें झालें, सुस्त पडलें, डोळे खोल गेले किंवा शौचांतून रक्त पडूं लागलें, तर झोळी बांधावीच. आमच्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ. त्यांच्या अंगांतील पाणी कमी होणें दुप्पट घातक, हें त्यांच्या घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हें ज्ञान खेड्यांतील स्त्रियांच्या हातीं देण्याचें काम महाराष्ट्रानेंही मनावर घेतलें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनीं १९७० सालीं जामखेड येथें काम सुरू केलें व पुढें अक्षरओळखही नसलेल्या बायकांस शिकवून गांवचीं आरोग्यसेविका केलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या आरोग्यदूतांनीं घरोघर जाऊन नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक कमी केले. २००५ नंतर देशभर आलेल्या आशाताई ह्याच वाटेनें आल्या.

आतां सर्पदंश. १८९५ च्या सुमारास काल्मेत ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें विषावरील लस काढिली, आणि आज नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांवर एकच लस चालते. परंतु ती टोंचावी लागते दवाखान्यांतच. ब्लेडनें कापणें, विष चोखणें, दोरीनें करकचून आंवळणें, हें सर्व पूर्वीं मोठमोठ्या पुस्तकांत छापलेलें असे. आज तें चूक ठरलें आहे. आंवळलेला अवयव सडतो. कडीं, वाळे, अंगठ्या ताबडतोब काढाव्या, कारण सूज येते. अवयवास फळी बांधून तो हलूं देऊं नये. रोग्यास चालवूं नये. बाहेरचे लोक आमच्या झोळीची कींव करितात, पण सर्पदंशाच्या रोग्यास ती पायीं चालण्यापेक्षां शतपटीनें बरी. भगताच्या मंत्रानें बरे झाल्याचें सांगतात त्यांस खोटें पाडण्याची आमची इच्छा नाहीं. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारीही दर वेळीं विष सोडीत नाहीं, एवढेंच आम्ही सांगतों. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यास चावतो. सूज नाहीं, फारशा वेदनाही नाहींत. पहांटे पोट दुखूं लागलें, पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी निघावें. खाटेवर, नीट खोंवलेल्या मच्छरदाणींत निजणें हा त्यावर मोठाच उपाय.

पोळल्यावर चुना, शाई, दंतमंजन कांहीं न लावतां वीस मिनिटें वाहतें गार पाणी सोडावें व स्वच्छ फडकें सैल पांघरावें.

दिवाळीनंतर आमच्यांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीस गुजराथेंत जातात. फडावर आशाताई ओळखीच्या नसतात. गाडींत सामान चढवितांना पीठमिठाच्या गांठोड्यांत पुड्या चार-पांच, स्वच्छ कापडाच्या दोन पट्ट्या, साबण, मच्छरदाणी आणि ज्यांस सिकलसेल आहे त्यांचें कार्ड, इतकें बांधून घ्यावें.