प्रतिकारशक्तीच्या धर्तीवरील संगणनपद्धती

संमिश्र पदार्थांच्या रचनेसाठी मानवी प्रतिकारशक्तीचे तत्त्व वापरणारा शोधनिबंध बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एन. ओमकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. विमाने व अंतराळयानांत वापरले जाणारे हे पदार्थ म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंचे एकमेकांवर रचलेले पातळ थर. थर किती, प्रत्येकाची जाडी किती आणि त्यातील तंतूंचा कोन कोणता, यावर पदार्थाचे बळ ठरते. चारच कोन आणि सोळाच थर धरले, तरी सुमारे ४२९ कोटी मांडण्या संभवतात. त्यांतून वजन व खर्च दोन्ही कमी ठेवणारी आणि भाराखाली न तुटणारी मांडणी शोधायची असते. प्रत्येक मांडणी तपासत बसणे व्यवहार्य नाही.

येथे उपयोगी पडले ते ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेले क्लोन-निवडीचे तत्त्व. शरीरात रोगजंतू शिरला की त्याच्याशी जुळणाऱ्या बी पेशी झपाट्याने वाढतात. वाढताना त्यांच्यात बारीक बदल होत जातात आणि अधिक चांगल्या जुळणाऱ्या पेशी टिकतात. ब्राझीलचे लिआंद्रो द कास्त्रो व फर्नांडो फॉन झुबेन यांनी या क्रियेला संगणकीय रूप दिले. त्यात प्रत्येक संभाव्य उत्तर हे जणू एक प्रतिपिंड. उत्तर जितके चांगले तितक्या त्याच्या प्रती अधिक आणि त्यांत फेरफार कमी. सुमार उत्तरांत मात्र मोठे फेरफार. अगदी टाकाऊ उत्तरे काढून त्यांच्या जागी नवी, यादृच्छिक उत्तरे येतात, त्यामुळे शोध एकाच कोपऱ्यात अडकून पडण्याचा धोका घटतो.

याच प्रेरणेची दुसरी शाखा संगणक-सुरक्षेची आहे. स्टेफनी फॉरेस्ट व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘आपले’ आणि ‘परके’ ओळखण्याच्या शारीरिक क्षमतेवरून फाइलींतील अनधिकृत बदल शोधण्याची पद्धत मांडली.

या पद्धतींना मर्यादाही आहेत. सापडलेले उत्तर सर्वोत्तमच असेल, याची गणिती हमी नसते. पदार्थ केव्हा तुटला असे मानायचे, याचा निकष बदलला की उत्तरही बदलू शकते. म्हणून बेंगळुरूच्या अभ्यासात एकाहून अधिक निकष लावण्यात आले. शिवाय उपमा कितीही मोहक असली, तरी क्लोन-निवड ही संकराविना चालणाऱ्या जनुकीय अल्गोरिदमच्या बरीच जवळ जाते, हा आक्षेप निराधार नाही. ओमकार यांच्या गटानेही एकाच प्रेरणेवर विसंबून न राहता याच प्रश्नासाठी पक्ष्यांच्या थव्यावरून आणि पुढे मधमाश्यांच्या वर्तनावरून घेतलेल्या पद्धती वापरून पाहिल्या.