महिनाभराचे खेळ

मंगळवार, ७ जुलै १८९६. मुंबईच्या काळाघोडा भागातल्या वॉटसन हॉटेलात त्या दिवशी संध्याकाळी सहा, सात, नऊ आणि दहा वाजता असे चार खेळ झाले. ल्युमिएर बंधूंचे यंत्र घेऊन मारियुस सेस्तिए नावाचा फ्रेंच माणूस ऑस्ट्रेलियाकडे निघाला होता आणि वाटेत मुंबईत थांबला होता. तिकीट एक रुपया. सहा लहान चित्रफिती, प्रत्येकीची लांबी मिनिटभराच्या आतबाहेर: फलाटावर येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत. हिंदुस्थानात सिनेमा अवतरला तो दिवस म्हणून ही तारीख बहुतेकांना ठाऊक असते. आपण मात्र तिच्या पुढच्या तारखांकडे पाहू. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले. चित्रफिती सहाच्या चोवीस झाल्या. सरसकट एक रुपयाचे तिकीट जाऊन चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर आले. पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव बॉक्सची सोय झाली, आणि खेळ १५ ऑगस्टपर्यंत चालले. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आला तोच महिनाभराच्या कार्यक्रमाच्या रूपाने. फिती बदलत राहिल्या म्हणून पाहून गेलेले लोक पुन्हा आले, आणि दर उतरले म्हणून ज्यांना पहिल्या दिवशी येता आले नव्हते तेही आले. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे आणि कोणासाठी दाखवायचे, हे तिन्ही प्रश्न त्या पाच-सहा आठवड्यांतच उभे राहिले होते. आज एखादे छोटे चित्रपटगृह किंवा फिल्म क्लब महिन्याचा कार्यक्रम ठरवायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर हेच तीन प्रश्न असतात.

या प्रश्नांचे मूळ शोधायला आपल्याला यंत्राच्याही मागे जावे लागते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही चित्रकथीची परंपरा आजपर्यंत जपली. एकामागून एक चित्र समोर धरायचे, वाद्याच्या साथीने कथा पुढे न्यायची आणि नेमक्या क्षणी चित्र बदलायचे, हे त्यांचे कौशल्य. त्यानंतरचा टप्पा कल्याणचा. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, एकाहून अधिक कंदील, आणि एक चित्र विरत असतानाच दुसरे उमटवण्याची युक्ती. सीतास्वयंवरासारखे प्रसंग पडद्यावर हलताना दिसत आणि सोबत निवेदन चाले. पटवर्धन आपले पेटारे घेऊन गावोगाव गेले. ल्युमिएरचे यंत्र मुंबईत उतरण्याआधी चार वर्षे कल्याणच्या एका कुटुंबाने पडदा, अंधार, प्रकाश आणि फिरता खेळ या चारही गोष्टी जमवल्या होत्या. मराठी सिनेमाच्या इतिहासात पटवर्धनांना एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते. ती फार कमी आहे.

नॉव्हेल्टीच्या खेळांनी भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, होते. त्यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईतल्या हँगिंग गार्डनवर झालेल्या कुस्तीचे चित्रीकरण केले. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा, १९०१ च्या डिसेंबरात, त्यांचे स्वागतही सावेदादांनी फितीवर घेतले. त्याच सुमारास अब्दुलअली युसुफअली हा सुरतचा माणूस तंबू आणि यंत्र घेऊन आग्नेय आशियात हिंडू लागला होता. १९०८ पासून त्याने हिंदुस्थानात गावोगाव मुक्काम केले. त्याचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता, त्यात हजार माणसे मावत. १९१४ मध्ये त्याने अर्देशिर इराणींशी भागीदारी केली, पुढे दोघांनी मुंबईत मॅजेस्टिक चित्रपटगृह उभारले, आणि १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट त्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. तंबूवाल्यानेच पुढे पक्के थिएटर बांधले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला खरा, पण फाळक्यांचा खरा प्रेक्षक त्यानंतर भेटला तो बैलगाडीच्या वाटेवर. यंत्र, पडदा आणि फिती गाडीत घालून त्यांचे चित्रपट आडगावांपर्यंत पोचले. मूकपटाचे यंत्र हाताने फिरवता येई, त्यामुळे जिथे बैलगाडी जाऊ शके तिथे सिनेमा जाऊ शके.

पुण्यात पक्के चित्रपटगृह आले ते १९१५ मध्ये. गंगाधर नथूजी पाठक यांचे आर्यन मंडईजवळ उभे राहिले, आणि ती इमारत गेल्यालाही आता कैक वर्षे झाली तरी मंडईतल्या वाहनतळाला पुणेकर आर्यन म्हणूनच ओळखतात. १९१८ च्या कायद्याने खेळाच्या जागेला परवाना आणि चित्रपटाला प्रमाणपत्र बंधनकारक झाले. नायट्रेटची फीत भडकन पेट घेई, म्हणून जागेच्या सुरक्षिततेचा प्रश्न खराच होता, पण या परवान्यांनी फिरत्या खेळवाल्याचे काम अवघडही केले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. पुढच्याच वर्षी अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात चित्रपटगृह सुरू झाले आणि २०१४ च्या अखेरीपर्यंत त्या नावाने चालले.

याच काळात पुण्याच्या पश्चिमेकडच्या मुळशीची गोष्ट या कथेला येऊन मिळते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या वीजनिर्मितीसाठीच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. लढा हरला, भातखाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागले १९२७ मध्ये, आणि तिथली वीज मुंबईला गेली. चारच वर्षांनी बोलपट आला. बोलपटाला हाताने फिरवलेले यंत्र चालत नाही, कारण सेकंदाला चोवीस चित्रे या गतीत जराही चढउतार झाला की आवाज बिघडतो. त्याला मोटर लागते, ध्वनिवर्धक लागतो, सतत वीज लागते. ज्या मुळशीच्या पाण्याने मुंबई उजळायला हातभार लावला, त्या मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर पुढची कितीतरी वर्षे कंदील होते. सिनेमा बोलू लागला तेव्हा तो शहरांच्या आणखी जवळ गेला आणि खेड्यांपासून दूर सरकला, असे माझे मत आहे. याची कारणे कलेच्या बाहेरची, विजेच्या तारा कुठून कुठे गेल्या यातली होती.

हे अंतर ज्यांनी भरून काढले ते टुरिंग टॉकीजवाले. जुना ट्रक, त्यात प्रोजेक्टर, ट्रकच्याच किंवा वेगळ्या इंजिनावर चालणारा जनरेटर, रिळांच्या पेट्या आणि तंबूचे कापड. पाऊस संपून सुगी झाली की जत्रांचा हंगाम सुरू होई आणि चैत्र-वैशाखापर्यंत चाले. साताऱ्याच्या पुसेगावसारख्या मोठ्या यात्रांत एकाशेजारी एक असे तंबू लागत. दुपारपासून भोंग्यावर पुकारा, तंबूच्या दारावर रंगीत पोस्टर, आत जमिनीवर बसलेला प्रेक्षक, मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पाहण्याची सोय. रीळ साधारण दहा-अकरा मिनिटांचे. यंत्र एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत अंधारात थांबायचे. या मालकांना चित्रपट निवडावा लागे तो फार काटेकोरपणे. देवाच्या यात्रेत पहिल्या रात्री पौराणिक किंवा संतपट, मग तमाशापट, मग मारधाडीचा हिंदी. ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा १९३६ चा चित्रपट मुंबईत ५७ आठवडे चालला. पुढे कितीही चित्रपट आले तरी खेड्यात त्याची मागणी सरली नाही. हा निवडीचा अभ्यास कुठल्या पुस्तकात नव्हता, तो गल्ल्यावर बसून झाला होता. जाणकार समीक्षकाच्या निवडीइतकाच मी त्याला मान देतो.

चित्रपट निवडून दाखवण्याची दुसरी शाखा फिल्म सोसायट्यांची. १९२५ मध्ये लंडनमध्ये फिल्म सोसायटी निघाली. धंद्याच्या चित्रपटगृहांत जे लागत नाही ते सभासदांनी वर्गणी काढून पाहावे, ही तिची कल्पना. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त यांनी कलकत्त्यात अशी सोसायटी काढली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, आणि ‘बायसिकल थीव्ह्ज’सारखे चित्रपट पाहून आपल्याकडच्या एका पिढीची दृष्टी बदलली. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. यात एक व्यावहारिक गोम होती. सोसायटीला दारावर तिकीट विकता येत नसे, प्रवेश सभासदालाच. म्हणून वर्गणी आगाऊ घ्यायची आणि बदल्यात सभासदाला महिन्याचा कार्यक्रम कळवायचा, ही रीत पडली. एका पोस्टकार्डावर चार तारखा, चार चित्रपट, दिग्दर्शकांची नावे. नॉव्हेल्टीनंतर महिनाभराच्या खेळांना हे नवे रूप मिळाले, आणि ते पोस्टकार्ड टंकताना कोणीतरी विचार केलेला असे की या चित्रपटानंतर तो का.

मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पण या चळवळीची रसद पुण्यातून जात होती. प्रभातचा स्टुडिओ १९५३ मध्ये बंद पडला, त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून तिथे चित्रपट गोळा केले. फाळक्यांच्या उरल्यासुरल्या फिती आपण पाहू शकतो त्या त्यांच्यामुळे. नायर नुसते साठवून थांबले नाहीत. संग्रहालयाच्या वितरण विभागातून सोळा मिलिमीटरच्या प्रती पेट्यांत भरून देशभरच्या सोसायट्यांकडे रवाना होत. प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या बरोबरीने त्यांनी रसास्वादाचे वर्ग घेतले, आणि कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या निनासम संस्थेत ‘पथेर पांचाली’ शेतकऱ्यांना दाखवला. सुपारीच्या बागांत राबणारे ते लोक राय यांचा चित्रपट समजून घेतात की नाही, ही शंका तिथे फिटली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. तंबूवाल्याची वाट आणि सोसायटीची निवड या दोन शाखा हेग्गोडूत एकत्र आल्या. पुण्यात १९८५ पासून आशय फिल्म क्लब हे काम करत आला, पण शहराच्या हद्दीत.

यानंतरचा प्रवास झपाट्याचा आहे. दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, एकपडदा चित्रपटगृहे मिटत गेली. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या दुर्मीळ मूळ फिती जळाल्या. पुढच्या दशकात रीळच संपले. डिजिटल प्रक्षेपण आले आणि तंबूवाल्यांची यंत्रे भंगारात गेली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या तंबूवाल्यांबरोबर वर्षानुवर्षे हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आता आपण मुळशीत परत येऊ. मुळशी तालुक्यात आज हिंजवडी आहे, तिथे माणशी शेकडो रुपये मोजून पाहायचे मल्टिप्लेक्स आहे. २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ प्रदर्शित झाला. विकलेली जमीन, संपलेला पैसा, गुन्हेगारीत ओढली गेलेली मुले. तो पाहताना १९२५ चा ‘सावकारी पाश’ आठवावा. नारायण हरी आपट्यांच्या कथेवर बाबूराव पेंटरांनी तो केला होता. त्यात सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, आणि त्या तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे यांनी केले होते, जे पुढे व्ही. शांताराम म्हणून नावारूपाला आले. दोन चित्रपटांत ९३ वर्षांचे अंतर आणि शेतकऱ्याची तीच परवड. एकामागून एक पाहिल्याशिवाय हे नाते उमगत नाही, आणि तसे पाहण्याची सोय कोणीतरी करून द्यावी लागते. महिन्याचा कार्यक्रम आखणाऱ्याचे काम ते हेच.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे त्या लॉ कॉलेज रस्त्याचे टोक नळ स्टॉपला आहे, आणि तिथून थोड्याच अंतरावर पौड रस्ता फुटतो. मुळशी तालुक्याचे ठाणे असलेले पौड तासाभराच्या वाटेवर आहे. आज खेळ लावायला ट्रक, रीळ, जनरेटर काही लागत नाही. शाळेचे सभागृह, एक प्रोजेक्टर, बऱ्यापैकी स्पीकर आणि हक्कधारकाची लेखी परवानगी एवढे पुरते. चार शनिवारांचा कार्यक्रम मी सुचवतो: ‘संत तुकाराम’, बिमल रॉय यांचा १९५३ चा ‘दो बिघा जमीन’, साखर कारखान्याच्या सत्तेचा पंचनामा करणारा जब्बार पटेलांचा ‘सामना’, आणि शेवटी ‘मुळशी पॅटर्न’. प्रत्येक खेळानंतर अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा. पौड, माले, घोटवडे, लवळे, कुठल्याही गावच्या तरुण मंडळाने, ग्रंथालयाने किंवा शाळेने हे मनावर घ्यावे. गणपतीत मांडव घालणाऱ्या गावाला यात अवघड असे काही नाही.